स्क्रीन रीडरवर वेब वाचायला नव्याने शिकणाऱ्याला आधी कोणत्या की द्याव्यात?

गिरणाकाठ, जळगाव (धागाकर्ता)
मंडळी, एक नेमका प्रश्न आहे. ज्याने आजवर डोळ्यांनी आणि माऊसने इंटरनेट वापरलं आणि आता ज्याची नजर गेली, त्याला स्क्रीन रीडरने, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, वेब शिकवताना सुरुवात कुठून करावी?

माझ्याकडे एक मुलगा येतो. विद्यापीठात एम.ए. करतोय. टायपिंग चांगलं आहे, डोकं तल्लख आहे, लॅपटॉपवर एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर टाकून दिलंय. पण कुणीतरी त्याला सांगितलं की माऊसच्या जागी टॅब. त्याने बातमीचं पान उघडलं, टॅब, टॅब, टॅब करत पार तळापर्यंत गेला आणि मला म्हणाला, "सर, यात बातमी नाहीच." बरोबरच आहे. टॅब थांबतो फक्त लिंक, बटण आणि फॉर्मच्या रकान्यावर. साधा मजकूर तो ओलांडून जातो. मेनू ऐकला, जाहिराती ऐकल्या, शेअरची बटणं ऐकली, बातमी तेवढी राहिली.

माझं मत ठाम आहे: पहिली की एच. एका हेडिंगवरून पुढच्या हेडिंगवर. शिफ्ट+एच मागे. बाकी सगळं नंतर. पण इथे वर्षानुवर्षं वापरणारे लोक आहेत, म्हणून विचारतो. पूर्ण यादी नको, ती मदतीच्या पानावर आहेच. क्रम सांगा, आणि तोच क्रम का, ते सांगा.

तापीकिनारा, भुसावळ
माझ्या मते एच पहिली नको. पहिली डाऊन ॲरो. पान म्हणजे वरून खाली ओळींनी लावलेला मजकूर आहे, हे आधी कानाला कळलं पाहिजे. चार-सहा पानं नुसत्या ॲरोने पूर्ण वाचायला लावा. कंटाळा येईल, येऊ द्या. त्यानंतर एच दिलीत तर ती नेमकं काय गाळून पुढे नेते ते त्याला समजेल. नाहीतर उड्या मारायची सवय लागते आणि दोन हेडिंगच्या मधली महत्त्वाची सूचना सुटते. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख कधीच हेडिंगमध्ये नसते.

आणि ॲरोच्याही आधी एक की: कंट्रोल. बोलणं थांबवणारी. घाबरलेल्या माणसाला सगळ्यात आधी आवाज बंद करता आला पाहिजे.

शिरपूरची लेक
कंट्रोलला माझे दोन्ही हात वर. माझी आजी सुरुवातीला म्हणायची, "ही बया किती बोलते गं, तिला कुणी पाणी तरी दे." आता मी वेग इतका वाढवलाय की घरात कुणालाच शब्द कळत नाही, तेव्हा आजी म्हणते, मंत्र चाललेत, जाऊ द्या.

क्रमाबद्दल मी गिरणाकाठ दादांच्या बाजूने. माझी नजर कॉलेजात असताना गेली. तेव्हा मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर वेळेचा. जे डोळ्यांनी एका दृष्टिक्षेपात व्हायचं त्याला अर्धा तास. ॲरोने चार पानं पूर्ण वाचायला लावलं असतं तर मी लॅपटॉप मिटून ठेवला असता. एचने पहिल्यांदा थेट बातमीच्या मथळ्यावर गेले तेव्हा वाटलं, हे मला जमेल. नव्याने नजर गेलेल्या माणसाला ते वाटणं फार गरजेचं असतं हो काका. शिस्त नंतर लावता येते.

तापीकिनारा, भुसावळ
ताई, तुमचं म्हणणं पटतंय. मी जन्मापासून असा, मला गमावलेल्या वेळेचा हिशोब कधी करावा लागला नाही. नजर नंतर गेलेल्याचं वेगळं असणार. आणि रेल्वेत जन्म काढलेला माणूस म्हणून एवढं मान्य करतो: भुसावळला उतरलेला प्रवासी आधी फलाटावरची पाटी बघतो, डबे मोजत बसत नाही.

केळीबाग, रावेर
मी शेतकरी. मला वेब लागतं ते बाजारभावासाठी, त्यामुळे माझी पहिली की टी.

भावाचं पान उघडलं की टी दाबायचं, सरळ टेबलवर. मग कंट्रोल+ऑल्ट धरून ॲरो. डाव्या-उजव्या ॲरोने रकाना बदलतो, वर-खालीने ओळ. समजा मी "सर्वसाधारण दर" या रकान्यात आलो. आता कंट्रोल+ऑल्ट+डाऊन दाबत गेलो की त्याच रकान्यात राहून एकेक बाजार समितीचा दर ऐकू येतो. आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर हे मध्ये येतच नाहीत. टेबल नीट बांधलेलं असेल तर ओळ बदलताच समितीचं नाव आधी बोलतं, मग आकडा. रावेर, यावल, चोपडा असं मनात लावून ठेवता येतं. साध्या डाऊन ॲरोने तेच टेबल ऐकून बघा. नुसते आकडे कानावर पडत राहतात आणि कुठला आकडा कुणाचा ते सांगता येत नाही.

व्यापारी फोनवर भाव सांगतो तेव्हा माझ्या कानात टेबल चालू असतं. हे स्वातंत्र्य मला एका कीने दिलं. एम.ए.वाल्या पोराला निकालाच्या, वेळापत्रकाच्या पानावर हेच लागेल.

वेबवाला, धुळे
मी डोळस आहे, वेबसाइट बनवतो, आणि हा धागा वाचून आज पहिल्यांदा एनव्हीडीए लावून स्वतः बनवलेली साइट ऐकली. एका प्रश्नाचं उत्तर हवंय. एच दाबल्यावर "नो नेक्स्ट हेडिंग" म्हणतंय. पानावर मोठ्या ठळक अक्षरात मथळे तर आहेत.

शिरपूरची लेक
दादा, ते डोळ्यांना मथळे आहेत. कोडमध्ये तुम्ही डिव्ह किंवा स्पॅन हे साधे टॅग घेऊन फॉन्ट मोठा आणि ठळक केला असणार. स्क्रीन रीडरला अक्षराचा आकार बघून हेडिंग ठरवता येत नाही, त्याला हेडिंगचा टॅग लागतो. लेव्हल एक पानाचं नाव, लेव्हल दोन विभाग, लेव्हल तीन त्याच्या आतलं. आम्ही अंक दाबूनही जातो: २ दाबलं की पुढचं लेव्हल दोनचं हेडिंग, ३ दाबलं की तीनचं. म्हणून फॉन्ट लहान दिसावा एवढ्यासाठी लेव्हल चारचा टॅग वापरू नका.

तसंच टेबलमध्ये वरच्या ओळीला आणि डाव्या रकान्याला टीएच, म्हणजे शीर्षकाच्या चौकटीचा टॅग, द्या. केळीबाग दादांना समितीचं नाव ऐकू येतं ते त्यामुळे. आणि पानाची भाषा! मजकूर मराठी आणि वर लँग इंग्रजीची, असं असलं की रीडर इंग्रजी आवाजाकडे जातो आणि मराठी चिरडतो किंवा गाळतो. तिथे एमआर, म्हणजे मराठीची खूण, लिहा. पाच मिनिटांचं काम आहे.

वेबवाला, धुळे
आजच बदलतो. लँगच्या बाबतीत तुम्ही बघितल्यासारखं सांगितलंत. टेम्प्लेटमध्ये आलं ते तसंच राहिलं होतं.

पांझराकाठचा वकील
वेबवाले भाऊंसारखे लोक आपणहून बदलतात ही आनंदाची गोष्ट, पण हा नुसता चांगुलपणाचा विषय नाही हे इथे नोंदवतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये माहिती-तंत्रज्ञान सुगम असण्याची तरतूद आहे. सरकारी साइटसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्यामुळे साइटवाल्याला पत्र लिहिताना "कृपा करा" असं लिहू नका. कोणत्या पानावर, कोणती की दाबली, काय ऐकू यायला हवं होतं आणि काय ऐकू आलं, असं लिहा.

तापीकिनारा, भुसावळ
वकीलसाहेब, हे फार कामाचं. एका बँकेत माझं असंच चाललंय. पासवर्ड टाकायला स्क्रीनवरचा कीबोर्ड, त्यातली अक्षरं दर वेळी जागा बदलतात आणि प्रत्येक बटणावर रीडर फक्त "बटन" म्हणतो. लेकाला पासवर्ड सांगून काम करतो. तो माझाच लेक आहे, पण पासवर्ड माझा आहे ना.

मन्ही अहिरानी, साक्री
राम राम भो. मना धाकला भाऊले दखाय नही, तो दिनभर यूट्यूबवर अहिराणी गाणा ऐकस.
बाकी मराठीत लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून. त्याला मी शिकवलं की यूट्यूबवर के दाबलं की गाणं थांबतं. मी दाबलं की थांबतं. तो दाबतो तर "लिंक, लिंक" म्हणत भलतीकडेच जातं. लॅपटॉप खराब आहे का?

गिरणाकाठ, जळगाव (धागाकर्ता)
लॅपटॉप ठणठणीत आहे. ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे पान वाचायच्या मोडमध्ये, अक्षरं एनव्हीडीए स्वतःकडे घेतं, आणि त्याच्याकडे के म्हणजे पुढची लिंक. एनव्हीडीए+स्पेस दाबायला सांगा (एनव्हीडीए की म्हणजे सहसा इन्सर्ट). एक छोटा आवाज येईल, म्हणजे फोकस मोड लागला. आता दाबलेलं अक्षर थेट साइटला मिळतं: के थांबवा-चालवा, जे दहा सेकंद मागे, एल दहा सेकंद पुढे. परत पान वाचायचं असेल तर पुन्हा एनव्हीडीए+स्पेस, आवाज वेगळा येईल. मोड न बदलता एकच की साइटला द्यायची असेल तर आधी एनव्हीडीए+एफ२ आणि मग ती की.

या निमित्ताने मला जाणवलं की माझ्या क्रमात ही की फार वर यायला हवी. नवीन माणूस अडकतो तो बहुतेक इथेच. शोधाच्या रकान्यात लिहायला जातो आणि पान उड्या मारतं, किंवा वाचायला जातो आणि रकान्यात एचएचएच उमटतं. दोन्ही वेळा त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. मोडचे ते दोन आवाज कानात बसले की ही भीती जाते.

मन्ही अहिरानी, साक्री
चालनं! भाऊ खूश शे. आख्ख्या गल्लीले गाणा ऐकाडी ऱ्हायना.

यावलची मास्तरीण
मी शाळेत शिकवते, ऑफिसात जॉज हे दुसरं, विकतचं स्क्रीन रीडर आहे. नवशिक्याला एक गोष्ट सांगून ठेवा: सगळ्या की दोन्हींत सारख्या नाहीत. एच, टी, एफ, बी चालतात. पण एनव्हीडीएत आर म्हणजे रेडिओ बटण, तर जॉजमध्ये रेडिओ बटणाला ए आणि आर म्हणजे पानाचा विभाग, जो एनव्हीडीएत डी आहे. याद्याही वेगळ्या. एनव्हीडीए+एफ७ ला एकाच खिडकीत लिंक, हेडिंग, फॉर्म सगळं निवडता येतं. जॉजमध्ये इन्सर्ट+एफ६ ला हेडिंग, एफ७ ला लिंक, एफ५ ला फॉर्म. नोकरी लागली आणि तिथे दुसरं सॉफ्टवेअर असलं तर मूल गांगरायला नको.

केळीबाग, रावेर
मास्तरीणबाई, जॉजचे पैसे आमच्यासारख्याने कुठून आणायचे? एनव्हीडीए फुकट आहे म्हणून मी आज इथे लिहितोय.

यावलची मास्तरीण
अगदी खरं आहे दादा, मी विकत घ्या म्हणत नाहीये. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी एनव्हीडीएचं काम सुरू केलं, ते नेमकं याच कारणाने: बघणाऱ्याला स्क्रीनवरचं वाचायला वेगळे पैसे पडत नाहीत, तर न बघणाऱ्याला का पडावेत? माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या घरी तेच आहे. मी फक्त ऑफिसातलं सांगितलं.

सातपुडा_नंदुरबार
एवढी खटपट कशाला? मोबाइलवर टॉकबॅक हे स्क्रीन रीडर आहे. उजवीकडे बोट फिरवलं की पुढे, डावीकडे मागे. आमच्याकडे पाड्यांवर लॅपटॉप कुणाकडे आहे? वाचनाच्या नियंत्रणात हेडिंग निवडलं की वर-खाली बोट फिरवून तिथेही हेडिंगवरून हेडिंगवर जाता येतं.

शिरपूरची लेक
भाऊ, मोबाइल मीही दिवसभर वापरते. बातमी, मेसेज, पैसे पाठवणं, सगळं. पण तीस रकान्यांचा शिष्यवृत्तीचा फॉर्म मोबाइलवर भरून बघा. लिहिताना बोट सरकलं की फोकस कुठे गेला ते शोधत बसायचं. लॅपटॉपवर एफ दाबलं की पुढचा रकाना, शिफ्ट+एफ मागचा, ई फक्त लिहिण्याचा, सी कॉम्बो बॉक्स (पर्यायांची यादी), एक्स चेकबॉक्स. दोन्ही शिकावं. पाड्यावरच्या मुलांना लॅपटॉप मिळायला हवा हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर, आणि त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.

अमळनेरकर
इतक्या की वाचून भूक लागली. भरिताची वांगी आलीत बाजारात, कळण्याची भाकरी आणि भरीत, कुणी येतंय का?

तापीकिनारा, भुसावळ
येतो. पण आमच्या बामणोदच्या वांग्याचं असेल तर.

अमळनेरकर
आबा, तुमचंच वांगं आणतो. बरं, विषयावर येतो. माझी अडचण कीची नाहीच, मजकुराची आहे. जुन्या मराठी फाइल, परिपत्रकं, काही मासिकांचे अंक असे येतात की हेडिंग सापडतं, ओळही सापडते, आणि ऐकू येतो इंग्रजी अक्षरांचा कचरा.

यावलची मास्तरीण
त्या फाइल कृतीदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये आहेत. आत साठवलेली अक्षरं रोमन असतात, फॉन्ट त्यांना देवनागरी आकार देतो. डोळ्याला मराठी दिसतं, रीडर मात्र आत जे आहे ते वाचतो. कन्व्हर्टरने युनिकोड, म्हणजे खरी देवनागरी अक्षरं, करून घ्यावं लागतं, आणि जोडाक्षरं एकदा तपासून घ्यावीत. स्कॅन केलेलं पीडीएफ असेल तर त्यात मजकूरच नसतो, नुसतं चित्र. ते मी गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडते, मराठी बऱ्यापैकी ओळखतं. वेबवाले भाऊ, तुमच्या गिऱ्हाइकांना सांगा, पान टाइप केलेलं असेल तर त्याचा फोटो चढवू नका.

वेबवाला, धुळे
सांगतो. इथले तीन प्रतिसाद छापून ऑफिसच्या भिंतीवर लावतोय.

गिरणाकाठ, जळगाव (धागाकर्ता)
सगळ्यांचे प्रतिसाद त्या मुलाबरोबर बसून ऐकले. क्रम असा धरलाय.

आधी कंट्रोल, थांबवायला. मग एनव्हीडीए+टी, आपण कुठल्या पानावर आहोत ते ऐकायला, कारण हरवल्यावर पहिला प्रश्न तोच असतो. त्यानंतर एच आणि डाऊन ॲरो एकत्र: एचने मथळ्यावर जायचं आणि तिथून ॲरोने वाचायचं. आबा आणि ताई, तुम्हा दोघांचंही यात आलं. बातमीच्या पानावर लिंकांचा मोठा गठ्ठा लागला तर एन, म्हणजे लिंक नसलेल्या मजकुरावर. हे अंगवळणी पडेपर्यंत टॅबला हात लावू देणार नाही. मग एनव्हीडीए+स्पेस, दोन्ही आवाजांसकट. मग फॉर्मसाठी एफ, आणि केळीबाग दादांचं टी. एफ७ ची यादी शेवटी, कारण ती आधी दिली की मूल पान ऐकतच नाही, सगळं यादीतूनच शोधतं.

एक भर माझी: एनव्हीडीए+कंट्रोल+एफ. पानात शब्द शोधायला. निकालाच्या लांबलचक पानावर आपला सीट नंबर टाकायचा, एंटर, झालं. तोच शब्द पुढे शोधायला एनव्हीडीए+एफ३.

एम.ए.वाला
नमस्कार. सर ज्याच्याबद्दल लिहितात तो मी. सगळ्यांचे आभार. आज शिष्यवृत्तीचा फॉर्म स्वतः भरतोय. दोन ठिकाणी अडलोय. जिल्ह्याच्या यादीत ॲरो दाबला की दर वेळी पान नव्याने लोड होतं आणि मी परत वर जातो. आणि "फाइल निवडा" हे शब्द ऐकू येतात पण एफने किंवा बीने त्यावर पोचत नाही. आणि माझ्या लॅपटॉपवर इन्सर्ट की फार अडचणीच्या जागी आहे.

शिरपूरची लेक
यादीवर आलास की फोकस मोडमध्ये आधी ऑल्ट+डाऊन दाबून यादी उघड. मग ॲरोने जळगावपर्यंत जा, मग एंटर. उघडलेल्या यादीत फिरताना पान लोड होत नाही, निवडल्यावर एकदाच होतं. तालुक्याची यादी त्यानंतरच भरते, म्हणून थोडं थांबून पुढे जा.

यावलची मास्तरीण
ते "फाइल निवडा" खरं बटण नसणार, नुसत्या मजकुराला क्लिक लावलेलं असेल, म्हणून एफ-बीला सापडत नाही. एनव्हीडीए+कंट्रोल+एफने "फाइल" शोध, त्या ओळीवर "क्लिकेबल" असं ऐकू आलं की एंटर दाब. फाइलची खिडकी उघडेल. आणि एनव्हीडीए सेटिंगमध्ये कीबोर्ड विभागात कॅप्स लॉकला एनव्हीडीए की करून घे, इन्सर्टचा प्रश्न मिटेल.

एम.ए.वाला
खिडकी उघडली! जातीचा दाखला चढला. यादीचंही जमलं.

गिरणाकाठ, जळगाव (धागाकर्ता)
शाब्बास रे. आता घाईने सबमिट करू नकोस. खालचा प्रतिज्ञापत्राचा चेकबॉक्स एक्सने शोध, स्पेसने टिक कर आणि "चेक्ड" ऐकू आलं का ते बघ. मग कंट्रोल+होमने वर जाऊन एफ दाबत प्रत्येक रकाना एकदा ऐक. बँक खात्याचा नंबर मात्र ॲरोने एकेक आकडा करून ऐक.